जांभळीचा तळ

मी नकाशा घोंगडीवर पसरला, त्याचे चारही कोपरे दगडांनी दाबले, आणि तोच एक कोकरू आले व थेट अभयारण्याच्या मध्यभागी बसले.

"बसू द्या की," बिरूअण्णा कोळेकर म्हणाले. "जागा बरी दिसली असंल त्याला."

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो, आणि कोकरालाही 'ऊठ' म्हणायचा मला संकोच वाटे. त्याच्या पोटाखालून जेवढा नकाशा दिसत होता तेवढ्यावर पेन्सिल टेकवून मी पहिला प्रश्न विचारला. असे माझ्या वहीत एकोणीस प्रश्न होते. समोरासमोर बोलताना मला शब्द सुचत नसत, म्हणून मी कुठेही जाताना ते लिहून नेत असे.

"एका घोड्यावर ओझं किती घालता येतं, अण्णा?"

"किती म्हंजे? क्विंटलभर हासत न्हेतंय."

मी लिहिले : शंभर किलो.

"आणि दिवसाकाठी चालतं किती?"

"पाच-सा कोस. रान चांगलं असलं तर सात बी."

"घाटाची वाट अवघड आहे का?"

"न्हाई वो! नाळंत शिरायचं आन् सरळ वर. वर निघालं की जांभळीचा तळ. आवो, चार दिसाचं कोकरू चढतंय, घोड्याची काय कथा!"

मी लिहिले : वाट सोपी.

पाच-सहा हातांवर बिरूअण्णांची कारभारीण, म्हाकूबाई, दाभणाने पोते शिवत बसली होती. वहीवरून नजर वर उचलली की ती दिसे. तिची नजर माझ्याकडे वळली की मी पुन्हा वहीत शिरे. त्या दिवशी तिने दोरा दाताने तोडला आणि कोणाकडेही न पाहता म्हटले, "समद्यास्नी इचारून झालं. आन् घोड्याला इचारलं का?"

बिरूअण्णा खो खो हसले. मीही हसलो.

ही सहल वसुधाआत्याच्या डोक्यातून निघाली होती. शिरंबे गावाबाहेर, घाटाच्या पायथ्याशी तिची अश्वशाळा होती : आठ घोडे, एक विहीर, आणि सगळ्यांना पुरून उरणारा तिचा आवाज. डिसेंबरात आठ जणांना घोड्यांवरून जांभळीच्या अभयारण्यात न्यायचे, दोन रात्री रानात तंबू ठोकायचे, तिसऱ्या दिवशी उतरायचे. माणसे आत्याच्या घोड्यांवर बसणार. सामान मात्र धनगरी तट्टांवर जाणार, कारण ओझे घेऊन डोंगर चढणे हे शाळेतल्या घोड्यांचे काम नव्हे. कोळेकरांची बिऱ्हाडे पिढ्यान्‌पिढ्या माणदेशातून मेंढरे घेऊन याच रानातून कोकणात उतरत आली होती. रानाचे अभयारण्य झाले आणि ते उतरणे थांबले. बिरूअण्णा पायथ्यालाच राहिले. त्यांच्याहून चांगला वाटाड्या मिळणार नाही, असे सारे गाव सांगत होते.

सहलीची आखणी आत्याने माझ्यावर सोपवली, तीही अगदी स्पष्ट शब्दांत.

"हे बघ रंगा, दादाने तुझ्यासाठी साताऱ्याला विम्याच्या कचेरीत खुर्ची बघून ठेवली आहे. मी त्याला म्हटलं, एक महिना दे. ही सहल तू उभी केलीस तर तू इथला. नाही केलीस तर साताऱ्याला जायचं आणि खुर्चीत बसायचं. पण मग तोंड पाडून बसायचं नाही."

"जमेल," मी म्हणालो. मला खरोखरच तसे वाटत होते. माणसांपुढे मी गप्प असे, कागदापुढे मात्र माझ्याइतका धीट कोणी नव्हता. रात्रंदिवस मी ती सहल कागदावर चालत होतो. कोणत्या वळणावर सकाळचे ऊन येईल आणि कुठल्या ओढ्याकाठी आठ थकलेली माणसे पाण्यात पाय सोडून बसतील, हे मला डोळे मिटले तरी दिसे. घोड्यांच्या खुरांचा पाचोळ्यातला आवाज मी इतक्या वेळा मनात ऐकला होता, की तो ऐकायला रानात जाण्याची गरजच उरली नव्हती.

आत्याने आराखडा वाचला आणि चष्मा कपाळावर ढकलला.

"अभयारण्यात चराई बंद. मग घोडे खाणार काय?"

"चारा बरोबर नेऊ."

"कोण नेईल?"

"आणखी दोन तट्टं."

"आणि त्या दोन तट्टांचा चारा?"

मी पेन्सिलीने तट्टांचा आकडा खोडू लागलो.

"तुझं गणित असंच चढत गेलं तर सगळा माण तालुका घोड्यावर घालावा लागेल, रंगा. चारा आदल्या दिवशी जीपने वनखात्याच्या चौकीवर टाक. घोड्याचं पोट आधी, मग तुझे सूर्योदय-सूर्यास्त."

ते मी दुरुस्त केले. एवढ्या एका चुकीवर आराखडा सुटला याचा मला अभिमानही वाटला. वनक्षेत्रपाल थोरातांनी तो दोनदा वाचला. त्यांच्या टेबलावर कागद दाबायला साळिंदराचे काटे भरलेली बाटली होती. मी बोलताना तिच्याकडेच पाहत होतो.

"कागद छान आहे," ते म्हणाले. "कागद सगळ्यांचेच छान असतात. पुढच्या शुक्रवारी ओझी लादून दोन घोडी जांभळीच्या तळावर आणून दाखवा. मी पलीकडच्या रस्त्याने जीप घेऊन येतो. बारा वाजता. घोडी धडधाकट दिसली, रानाची मोडतोड दिसली नाही, तर तिथेच सही करतो. नाही तर यंदा राहू द्या. पथकप्रमुख कोण?"

"मी," मी म्हणालो, आणि अर्जावर माझे नाव लिहिताना मला आपले अक्षर पहिल्यांदाच देखणे वाटले.

शुक्रवारी सकाळी सातला आम्ही निघालो. घोडी दोन : पाखरी, आणि तिची लेक शेवंती. दोन्ही ठेंगण्या, मातकट रंगाच्या, कपाळावर केसांची झुलपे ओढून घेतलेल्या, कुणी पाहू नये म्हणून जणू. मला त्यांच्याविषयी उगीचच आपुलकी वाटली. सामान मी आणि बिरूअण्णांनी लादले. तंबू, पातेली, पाण्याने भरलेले दोन कॅन, चार घडीच्या खुर्च्या. वहीत लिहिल्याप्रमाणे शंभर-शंभर किलो. म्हाकूबाई गोठ्याच्या खांबाला टेकून पाहत होती. तिचे नाव आराखड्यात नव्हते. आम्ही निघालो तशी तीही मागून चालू लागली.

"तू कुटं?" अण्णांनी विचारले.

"घोडी माजी हाईत. येते आपली शेपटाला."

पहिला तास माझ्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा तास होता, असे मी आजही म्हणेन. दव उतरत होते. कारवीच्या वाळल्या काड्यांतून ऊन तिरपे येत होते. पुढे बिरूअण्णा, त्यांच्या हातात पाखरीचे दावे. मागे मी, माझ्या हातात शेवंतीचे. अण्णा दर वळणावर काठीने दाखवत, "हितं एकदा लांडग्यानं दोन बकरी न्हेली," "हितं माजा बा घसारला व्हता." प्रत्येक दगड त्यांच्या ओळखीचा होता. मनात मी ही सगळी वाक्ये डिसेंबरच्या पाहुण्यांना सांगूनही टाकली.

मग नाळ सुरू झाली. डोंगराच्या पोटात पावसाच्या लोंढ्याने कोरलेली ती अरुंद घळ. दोन्ही अंगांना कातळ आणि मधे धोंड्यांचा उतार. पाखरी एकदा थांबली. अण्णांनी दावे ओढले, ती चालली. पुन्हा थांबली. पुन्हा ओढली. आणि साडेनवाच्या सुमारास आमच्यापुढे छातीएवढी उंच एक कातळाची पायरी आली. तिच्या अंगावर बारीक बारीक खोबणी होत्या. मेंढराचे खूर मावतील एवढ्या.

"चल गं," अण्णा म्हणाले. "हुप्प म्हन आन् चल."

पाखरीने पुढचे पाय उचलले, खोबणीत टेकवले, आणि तिथेच थरथरत राहिली. अण्णांनी वरून ओढले. मी, काय करावे ते न कळून, खालून तिच्या मागल्या अंगाला हात लावून रेटू लागलो. दोन्ही कॅनमधले पाणी एका बाजूला डचमळले, ओझे कलले, दोर करकरला, आणि सगळे बिऱ्हाड फिरून तिच्या पोटाखाली गेले. पाखरी गुडघ्यावर कोसळली. पातेली गडगडत खाली गेली. त्यांचा आवाज घळीत कितीतरी वेळ घुमत राहिला.

मला बाजूला सारून म्हाकूबाई पुढे आली. तिने दोराची गाठ एका झटक्याने सोडली, ओझे मोकळे केले, पाखरीच्या मानेखाली खांदा दिला आणि तिला उभी केली. गुडघा सोलवटला होता. कडेचा दगडीपाला तोडून तिने तळहातावर चुरगळला आणि जखमेवर दाबून धरला. पाखरीने डोके तिच्या पाठीवर टेकवले.

"आजच काय झालं हिला?" अण्णा वरून म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर गोंधळलेला होता. "दर साली चढायची की!"

"दर साली?" मी विचारले. "या पायरीवरून? तुम्ही पाहिलंय, अण्णा?"

"बगायचं काय त्यात? आमी मेंढरं घिऊन तळावर पोचायचो तवा घोडं वर हुबंच असायचं. वझं उतरल्यालं, चूल प्येटल्याली, भाकरी तयार."

"पण ती यायची कुठल्या वाटेनं?"

अण्णांनी तोंड उघडले. मग पटका काढला, डोके पुसले, आणि पुन्हा बांधला.

"ते... बाया येत्यात त्येंच्या त्येंच्या. घोडी त्येंच्याकडंच असत्यात. कुटनं येत्यात ते..." ते थांबले. "इचारलं न्हाई कधी."

त्या घळीत उभ्या उभ्या मला अण्णांबरोबरच्या माझ्या सगळ्या भेटी, एकोणीसच्या एकोणीस प्रश्न दिसले. बिरूअण्णा खोटे बोलले नव्हते. तीस वर्षे ते खरोखरच या वाटेने चढले होते, मेंढरांमागून. ओझ्याचा अंदाज त्यांनी दिला, कारण पुरुषाला विचारले की पुरुषाने उत्तर द्यायचे. आणि मी त्यांनाच विचारले, कारण ज्या बाईला उत्तरे ठाऊक होती तिच्याकडे पाहण्याचेही मला धाडस झाले नव्हते. माझी भिडस्त वृत्ती म्हणजे निरुपद्रवी गोष्ट, असे मी तोवर समजत होतो. आता तिच्यापायी एक घोडी गुडघ्यातून रक्त गाळत उभी होती.

घड्याळात पावणेदहा झाले होते. वर बारा वाजता थोरात येणार होते. मला फक्त विचारायचे होते. पण ते अण्णांच्या देखत विचारायचे, म्हणजे त्यांच्या तीस वर्षांवर रेघ ओढायची. अंगावर सगळ्यांचे डोळे असताना आपले अज्ञान उघडे पडणे कसे असते, ते माझ्याइतके कोणाला माहीत होते?

"मामी," मी म्हणालो.

तिने मान वर केली. "आगं बया! बोलाय येतंय व्हय तुला? मला वाटलं, फकस्त लिवतोस."

"चूक माझी आहे. अण्णांना मी मेंढरांची वाट विचारली, त्यांनी बरोबर सांगितली. घोड्यांची वाट मी ज्याला विचारायला हवी होती त्याला विचारलीच नाही. तुम्हाला." वाक्य पूर्ण झाले. "तुम्ही घोडी कुठून नेत होता?"

ती नवऱ्याकडे पाहत राहिली. अण्णा कातळावर उकिडवे बसले होते आणि काठीच्या टोकाने एक खोबण उकरत होते.

"सांग की," ते आमच्याकडे न बघता म्हणाले. "इचारतंय पोरगं."

"सांगंन," म्हाकूबाई म्हणाली. "पर मंग मधी कुनी बोलायचं न्हाई. ह्यांनी बी न्हाई आन् तू बी न्हाई."

"मला ते जड नाही, मामी."

ती एकदम हसली. तिचे हसणे मी पहिल्यांदाच पाहिले. पुढचा एक दात पडलेला होता, आणि त्यामुळे ते हसणे लहान मुलीसारखे दिसत होते.

मग तिने माझ्या सामानाची झाडाझडती घेतली. कॅन उचलून पाहिले आणि दोन्ही तिथेच उपडे केले. "पानी वर हाय. पानी कशाला पान्याकडं न्हेतोस?" तंबूंचे लोखंडी खुंटे काढले. "रानात काठ्या मेल्यात व्हय?" मग घडीच्या खुर्च्यांपाशी आली. एक खुर्ची उघडली, पाहिली, मिटली.

"ह्ये कशाला?"

"पाहुण्यांना बसायला."

"रानात भुई न्हाई?"

"शहरातली माणसं आहेत, मामी. त्यांना खाली बसवत नाही."

"मंग घोड्यावर कशी बसवनार हाईस?"

मी खुर्ची बाजूला ठेवली. शंभर किलोंचे साठ झाले. दोन्ही बाजू तिने हातांनी तोलल्या, खोगिराखाली घोंगडी चौपदरी घातली, आणि दोर असा फिरवला की तो कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते मला कळेना. खुर्च्या तेवढ्या खाली उरल्या.

"त्या मी आनतो," बिरूअण्णा अचानक खाली उतरून म्हणाले. "सायेब काय भुईवर बसंल? मी ह्या वाटंनं जातो. ही वाट माजी हाय." चारही खुर्च्या त्यांनी पटक्याच्या टोकाने एकत्र बांधल्या, डोक्यावर घेतल्या, आणि त्या पायरीवरून, त्याच बारीक खोबणींत पायांची बोटे रुतवत, साठीचा तो माणूस बोकडासारखा चढून दिसेनासा झाला.

आम्ही अर्धी नाळ उतरून डावीकडे वळलो. तिथे झुडपांमागे एक वाट होती. मी नकाशात डोके घालून जाताना तिच्यावरूनच पुढे गेलो होतो. डोंगराच्या लांब सोंडेवरून ती वाकडीतिकडी, आळसावल्यासारखी चढत होती. लांबीला दुप्पट, पण कुठेही धाप लागू न देणारी. म्हाकूबाई पुढे, तिच्या मागे पाखरी, मग शेवंती, मग मी. तिने दावे ओढले नाही. ते तिच्या खांद्यावर नुसते टाकलेले होते. ती चाले, आणि घोडी चालत.

चालता चालता ती बोलत होती. वही काढण्याचा धीर मला झाला नाही. मी ऐकत राहिलो. ऊन डोक्यावर यायच्या आत वझं उतरायचं. घोडं दुपारी चालवलं तर दुसऱ्या दिशी ते तुला चालवतं. तळ पान्यावर टाकायचा न्हाई, पानी जनावराचं असतं, आपुन नुसतं भरून आनायचं आन् लांब बसायचं. माझ्या आराखड्यात दोन्ही मुक्काम ओढ्याच्या काठी होते, तांबड्या शाईने.

एका जुन्या हिरड्याखाली तीन काळे दगड अजून चुलीसारखे मांडलेले होते. ती तिथे घटकाभर थांबली.

"हितं माज्या जावंचं पोरगं झालं. येरवाळी, दिस भरायच्या आदीच झालं. घोडी तिथंच हुबी क्येली, आडोसा धरला, नाळ कापली. रातच्याला मुक्काम केला, आन् दुसऱ्या दिशी तिला पाखरीच्या आईवर बसवली."

"अण्णांना कळलं कधी?"

"तळावर ग्येल्यावर. म्हनले, उशीर का झाला?"

ती ते तक्रारीच्या सुरात म्हणाली नाही. एवढे सांगून ती चालू लागली. रान तेच होते. जांभळीची पाने वाऱ्यावर उलटून चमकत होती, आणि कुठेतरी तांबट टुकटुकत होता. पण मी महिनाभर कागदावर जे रान चालत होतो, त्यात कोणी जन्मले नव्हते.

जांभळीच्या तळावर पोहोचलो तेव्हा बारा वाजून पंचवीस मिनिटे झाली होती. थोरात जीपला टेकून उभे होते. त्यांनी आधी घड्याळ पाहिले, मग पाखरीचा गुडघा.

"उशीर झाला. आणि हे काय?"

"माझी चूक," मी म्हणालो. "साहेब, मी दिलेला आराखडा रद्द समजा. त्यातली वाट चुकीची आहे, ओझं चुकीचं आहे, आणि मुक्कामाच्या दोन्ही जागा चुकीच्या आहेत. खरा आराखडा आत्ता सांगतो."

आणि मी सांगू लागलो. हातात वही नव्हती, बाटलीतल्या साळिंदराच्या काट्यांचा आधार नव्हता. थोरातांच्या डोळ्यांत पाहून मी सोंडेची वाट सांगितली, साठ किलोंचे ओझे, दुपारच्या आत मुक्काम, पाण्यापासून दूर तळ, चाऱ्यासाठी चौकी. मधे त्यांनी तीन प्रश्न विचारले. दोनांची उत्तरे मी दिली आणि तिसऱ्याचे म्हाकूबाईला विचारले, तिने दिले. बोलणे संपले तेव्हा लक्षात आले की मी पाव तास बोललो होतो आणि आवाज एकदाही खाली गेला नव्हता.

थोरातांनी जीपच्या टपावर अर्ज ठेवला. "वाट बरी आहे. खाली कारवी तुडवली जाणार नाही. पथकप्रमुख म्हणून तुमचं नाव आहे, ते तसंच..."

"ते खोडा. म्हाकूबाई कोळेकर लिहा."

त्यांचे पेन थांबले. "नीट विचार करून सांगताय? यांना लिहिता-वाचता येतं का?"

"नाही, साहेब. घोड्यांनाही येत नाही. माझं सगळं लिहून-वाचूनच चुकलं."

थोरात हसले नाहीत, पण त्यांनी माझे नाव खोडले. ती रेघ ओढली जाताना काहीतरी आत तुटेल असे मला वाटले होते. तसे काही झाले नाही. 

"म्हाकूबाई, पतीचं नाव?"

पदराचे टोक दातांत धरून ती पाखरीची आयाळ विंचरू लागली.

"अहो, पतीचं पूर्ण नाव सांगा."

"मी न्हाई घ्यायची," ती घोडीच्या मानेआडून म्हणाली.

तेवढ्यात नाळेच्या तोंडाशी खडखड झाली आणि चार खुर्च्या वर आल्या. त्यांच्याखाली बिरूअण्णा होते, घामाने भिजलेले, एका गुडघ्याला खरचटलेले. अरुंद घळीत खुर्च्या पावलोपावली अडकून त्यांना आमच्याहून उशीर झाला होता, आणि एका खुर्चीचा पाय मोडून लोंबत होता. बाकीच्यांत त्या दिवशी कोणीच बसले नाही. ते तळावर आले आणि थबकले. घोड्या उभ्या होत्या. ओझी उतरलेली होती. तीस वर्षे त्यांनी जे चित्र पाहिले होते, तेच. पण या वेळी ते त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

"नाव सांगा," थोरात म्हणाले.

"बिरू धोंडी कोळेकर."

"प्रमुख या आहेत. तुम्ही या पथकात काय करणार?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिले, मग अर्जाकडे. मी नजर वळवली नाही. त्यांनी डोक्यावरचे ओझे खाली ठेवले आणि कपाळ पुसले.

"ते हिला इचारा," ते म्हणाले.

म्हाकूबाईने आयाळ विंचरणे थांबवले नाही. "येऊ द्या," ती म्हणाली. "वझं उतराय हात लागतोयच."

थोरातांनी सही केली.

ती सहल डिसेंबरात निघाली, आणि त्यानंतर चौदा वर्षे निघत आली आहे. विम्याच्या कचेरीतली ती खुर्ची कोणाला मिळाली, मला ठाऊक नाही. पण आठवते ते त्या शुक्रवारचे उतरणे. सामान घेऊन जीप गेली. मोकळी घोडी घेऊन आम्ही सोंडेकडे वळलो. बिरूअण्णा सवयीने नाळेच्या तोंडाशी गेले, आणि तिथे थांबले.

"कुटनं आनलीस गं घोडी?" त्यांनी विचारले.

"चला की," ती म्हणाली. "दावते."

ते तिच्या मागे आले. पहिल्याच वळणावर त्यांनी विचारले, "ह्ये झाड कंचं?" ती म्हणाली, "हिरडा न्हाई वळकत?" ते म्हणाले, "हिरडा वळकतो. पर ह्यो न्हाई कधी बगितला." मग त्याच्या बुंध्याशी त्यांना ते तीन काळे दगड दिसले. ते वाकले. त्यांनी एका दगडाला हात लावला आणि तिला काहीतरी विचारले, ते मला ऐकू आले नाही. ती सांगू लागली. तिचा हात कधी घोडीकडे, कधी रानाकडे, कधी स्वतःच्या पोटाकडे जात होता, आणि तो माणूस पटका काखेत धरून उघड्या डोक्याने ऐकत होता.

माझ्या बुटाची नाडी सुटलेली नव्हती. तरी मी वाटेवर खाली बसलो, आणि ती दोघे वळणाआड जाईपर्यंत ती बांधत राहिलो.